खमिराचं पाणी

आमच्या घरी संत्री छाटावी, चांगली-खराब निवडून वेगळी करावी, ती मीच. सौंसरजवळच्या बगीच्यातून आंबिया बहाराचा माल अंगणात येऊन पडला की मामाजी, म्हणजे माझे सासरे, मलाच हाक मारत. देठाजवळची जराशी नरमाईही माझ्या बोटांना कळे. शाळा मी फारशी पाहिली नव्हती. त्या घरात माझा मान होता तो एवढाच.

ऐंशीनंतर धाकटी जाऊ आली. पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, मनगटावरचं घड्याळ न काढता भाकरी थापणारी. मामाजी तिच्याकडून रोज पेपर वाचून घेत. माझा नुसता जळफळाट होई.

एका वर्षी तिनं नागपुरात शेतकी शिकणाऱ्या भावाकडून बाटलीभर गढूळ पाणी आणलं.

"हे खमीर आहे, मामाजी. संत्र्याच्या सालीवरच राहते. फळाले खरचटलं की बुरशीच्या आधी हे तिथं जाऊन बसते. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. विषारी औषधाचं कामच नाही."

तिनं टोपलीभर संत्री त्यात बुडवली, आणि ती खरंच टिकली. देवा, एखादं तरी सडू दे, असं मला रोज वाटे.

मामाजींना मग धीर कुठला! बाटली संपलेली, जाऊ शाळेत. खमीर म्हणजे खमीर, असं म्हणून त्यांनी हलवायाकडून जिलबीचा आंबवलेला घोळ आणला आणि मोहगावच्या नणंदेसाठी मी छाटून ठेवलेल्या ढिगावर शिंपडला. तिनं पेट्या उघडल्या तर दारूसारखा वास. निरोप आला, "मोठ्या वहिनीनं यंदा काय पाहून छाटले?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामाजींसमोर जिलबीचं नाव काढायची माझी काय बिशाद!

संध्याकाळी जाऊ आली, मामाजींनीच तिला घोळाचं सांगितलं, ते ऐकून हसायलाच लागली.

"मामाजी, जिलबीचा घोळ फळावर नाही चालत. त्यानं तर सडणं वाढते. अन् माझं पाणीही आधीच सडत असलेल्या फळाले वाचवत नाही. तसं एक सुटलं तर अख्खी पेटी जाते. पहिले छाटाले ताईच पाहिजेत. त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही."

मामाजींनी मान डोलावली. "धाकटी म्हणून राहिली ते खरं आहे. मोठीच छाटन."

इतकी वर्षं पेट्या मी टिकवल्या, तेव्हा हे कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. निघालं ते ती बोलली म्हणून. माझा मान मला परत मिळाला, पण तिच्या हातून. ती वाईट वागली असती तर निदान मनसोक्त राग तरी करता आला असता. तेवढंही तिनं माझ्यासाठी ठेवलं नाही.