मालकीणबाईंना खाली उतरवलं

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी द्रोणागिरीच्या यार्डात मी नवा ट्रेलर धूत होते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फडकं. गाडी कोरी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. धुण्यासारखं काही नव्हतंच. पण पूजेला गाडी ओली, चकचकीत दिसली पाहिजे, असं शेठचं म्हणणं.

केबिनची काच आतून पुसायला मी पायरीवर चढले. एक पाय आत टाकला, तोच खालून सुपरवायझर मोरे ओरडला.

"ओ ताई! थांबा, थांबा. आत नका जाऊ."

मला वाटलं, गाडीला काही झालं. मी तशीच थांबले. मोरेनं शेठकडं पाहिलं. शेठनं मान हलवली. मग मोरेनं सगळ्यांसमोर, पाण्याच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं.

"आज तुमची अडचण नाय ना?"

यार्डभर माणसं होती. ड्रायव्हर, क्लीनर, ऑफिसातले, शेठचे पाहुणे, भटजी. बाई मी एकटी. माझा एक पाय केबिनमध्ये, एक पायरीवर. कंपनीचा टी-शर्ट ओला होऊन अंगाला चिकटलेला. सगळे माझ्याकडं बघत होते. कशासाठी बघत होते ते मला कळत होतं. त्यांना उत्तर पाहिजे होतं.

माझं वय शेहेचाळीस. माझी पाळी गेल्या वर्षीच बंद झाली. 'नाही' म्हटलं असतं तर ते खरं होतं. एवढा एक शब्द. तो तोंडातून निघाला नाही.

मी गप्प राहिले, आणि त्यांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ लावला.

"राहू द्या, रिस्क नको," मोरे म्हणाला. "उतरा खाली. लिंबावरून मी घेतो गाडी."

मागून कुणीतरी बोललं, "आधीच कचऱ्याच्या गाडीवरचा हात, त्यात आणि हे."

हसले. सगळे नाही. पण जे हसले नाहीत, तेही काही बोलले नाहीत.

मी उतरले.

कचऱ्याची गाडी खरी होती. नेरूळमध्ये कंत्राटदाराकडं मी पाच वर्षं कचरा दाबणारी मोठी गाडी चालवली. त्याआधी त्याच गाडीच्या मागं लटकून डबे उचलले. डबे उचलता उचलता गाडी शिकले, जड वाहनाचं लायसन काढलं. शहर किती स्वच्छ म्हणून चौकाचौकात बोर्ड लागतात. त्या बोर्डांखालून रोज पहाटे मीच गाडी काढायचे. आमच्या लोकांच्या वाट्याला कचरा का येतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आईनं झाडू मारला. मी स्टेअरिंग धरलं. आमच्या घरात ही प्रगती समजली जायची, आणि ती होतीही.

मग उरणच्या बाजूला कंटेनरचं काम वाढलं. शेठला बाई ड्रायव्हर पाहिजे होती. मोठ्या कंपन्यांना आवडतं म्हणे. मी गेले. सहा महिने त्याच्या पगारावर जुना ट्रेलर चालवला. यार्ड ते पोर्ट, पोर्ट ते यार्ड. कुणाला धक्का लावला नाही, कुठं घासली नाही.

दसऱ्याच्या आधी शेठनं आम्हा नव्या ड्रायव्हरांना बसवून दोन रस्ते सांगितले. एक, पगारावर राहा. डिझेल, टायर, रिपेरिंग सगळं कंपनीचं. दुसरा, नवी गाडी लीजवर घ्या. दर महिन्याला शेठला हप्ता द्यायचा. डिझेल आपलं, टायर आपले, बिघाड आपला. माल मात्र शेठ देईल तोच उचलायचा. हप्ते फिटले की गाडी नावावर.

"किती दिवस दुसऱ्याची गाडी हाकनार?" शेठ म्हणाला. शेठ खाडीकाठच्या गावचा. जमिनी सरकारनं घेतल्या, त्यांच्या मोबदल्यातून त्यानं ट्रेलर घेतले. "आमी पन भातशेतीवालेच होतो. हिंमत केली म्हनून आज हाय. तुमी पन करा. आनि बाय, तू तर मालकीन होशील. अख्ख्या उरनात पैली."

मला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगू? आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर चाकाची वस्तू नव्हती, माझी स्कूटी सोडली तर.

गेल्या वर्षी लीज घेतलेले नझीरभाई मला कॅन्टीनमध्ये भेटले होते. रायगडच्या किनाऱ्यावरचे, शांत माणूस. मी विचारलं, कसं चाललंय?

"मालक झालो ना ताई," ते म्हणाले. "आता सुट्टी मागायची कुणाकडं?"

मी हसले. ते हसले नाहीत. पोर्टच्या बाहेर लाइनीत गाडी अडकून पडली तर पगारवाला झोपतो, लीजवाला हिशोब करतो, एवढं त्यांनी सांगितलं. टायर गुळगुळीत झाला तरी निघावं लागतं. पगारी ड्रायव्हर म्हणतो, टायर बदला मग जातो. मालक कुणाला म्हणणार?

हे सगळं मी ऐकलं, आणि तरी मनात ठरवलं की सही करायची. नवरा पण मागं लागला होता. त्याची कंबर गेली तेव्हापासून तो घरीच आहे, घर माझ्या एकटीच्या पगारावर. मालकीण हा शब्द त्यानं गल्लीत सांगूनही टाकला होता.

म्हणून दसऱ्याला सकाळी मी यार्डात गेले. आमच्या गल्लीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात निघाल्या होत्या. धम्मचक्र प्रवर्तनाचा, आमचा मोठा दिवस. आमच्यात नारळ नाही, लिंबू नाही, गाडीची पूजा नाही. शेजारणीनं विचारलं, "तू नाही येत?" म्हटलं, "कामावर जायचंय." कंपनीचा टी-शर्ट घालून मी उलट्या दिशेनं स्कूटी काढली. यार्डातल्यांच्या देवाला नमस्कार करायचीही माझी तयारी होती. गाडीसाठी.

आणि तिथं मला खाली उतरवलं.

पूजा झाली. भटजींनी चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मोरे माझ्या सीटवर बसला आणि त्यानं गाडी लिंबांवरून पुढं घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटोवाल्यानं मला बोलावलं. हातात आरतीचं ताट दिलं.

"मॅडम, गाडीच्या बाजूला. टच नका करू, नुसत्या उभ्या राहा. जरा हसा."

शेठ माझ्या शेजारी उभा राहिला. "मालकीनबाय, हिकडं बघा!"

फोटो निघाला. मी हसले होते की नाही, मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर शेठच्या केबिनमध्ये सह्या होत्या. मुहूर्त होता म्हणे. माझ्याशिवाय तिघं नवे ड्रायव्हर. पेढ्यांचा बॉक्स उघडा. पहिल्यानं सही केली, पेढा खाल्ला. दुसऱ्यानं केली. शेठनं पेन माझ्याकडं सरकवलं.

मी पेन घेतलं नाही.

"शेठ, एक विचारायचंय. गाडी माझी ना?"

"मंग कोनाची? तुजीच हाय, बाय."

"मग सकाळी मला खाली कुणी उतरवलं?"

मोरे खिडकीतून बाहेर बघायला लागला. शेठनं पंखा मोठा करायला सांगितलं.

"आगो, सही झाली नव्हती ना तवा. तवर गाडी माजी."

"आणि सही झाल्यावर?"

"झाल्यावर... हप्ते फिटंपर्यंत कागदावर माजीच. त्यो नियमच हाय."

"म्हणजे गाडी तुमची आणि टेन्शन माझं."

तिघांतला एक जण खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. शेठ रागावला नाही. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो समजावणीच्या आवाजात बोलायला लागला.

"बाय, तू पन अशी. सकाळी 'नाय' म्हनली असतीस तं बसवलीच असती ना तुला. तोंडात गुळनी धरून बसलीस. आता तरी सांग. नव्हती ना अडचन?"

मोरे म्हणाला, "सांगा ना ताई. नव्हती तर नव्हती. शेठ उद्या परत नारळ फोडतील, तुम्हाला बसवतील. विषय संपला."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सकाळसारखेच.

उत्तर माझ्याकडं तयार होतं. खरं उत्तर. ते दिलं असतं तर गाडी, फोटो, मालकीण, सगळं परत मिळालं असतं. तेव्हा मला लख्ख कळलं की हे उत्तर एकदा देऊन संपणार नाही. आज पाळीचं विचारतात. उद्या विचारतील, कचऱ्यातून आलीस, हात धुतलेस का. परवा म्हणतील, टायर गेलाय तरी जाशील ना, हप्ता आहे ना. प्रत्येक वेळी मी पायरीवर एका पायावर उभी, आणि खालून कुणीतरी विचारणार. ज्याच्याकडं मला खाली उतरवायची ताकद आहे, गाडी त्याची. मग सही कुणाची का असेना.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"माझ्या अंगाचं मी तुम्हाला सांगणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. मोरेंना विचारलंत का, सकाळी पोट साफ झालं का म्हणून? ते बसले ना गाडीत."

आता शेठ चिडला. मोरेचे कान लाल झाले.

"जास्त बोलू नको हां. चार मानसं आदर देतात म्हनून डोक्यावर बसू नको. लीज नको तं राहू दे. पन पगारावर बाय ठेवायची मला हौस नाय. या स्कीमसाटीच घेतलेली तुला. उद्यापास्नं येऊ नको."

"मी कंपनीची ड्रायव्हर आहे. माझं कार्ड आहे, पीएफ कापता. काढायचं असेल तर कारण लिहून द्या. काय कारण ते पण लिहा. पूजेच्या दिवशी बाईनं उत्तर दिलं नाही, असं लिहा."

मी उठले. तिसऱ्या ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. मग पेन उचललं आणि सही केली. मी त्याला दोष देत नाही. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

घरी नवरा वाट बघत होता. झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एका लिंबासाठी एवढी गाडी सोडलीस?"

"लिंबासाठी नाही."

"मग? आता लोकांना काय सांगू मी?"

"जे झालं ते सांग. यार्डात उतरवतात ते उद्या भर रस्त्यात उतरवतील. तेव्हा हप्ते माझे भरलेले असतील आणि गाडी त्यांची असेल. आता मी फक्त नोकरी घालवलीय. तीही अजून घालवली नाही."

"मग उद्या काय करणार?"

"कामावर जाणार."

तो कूस बदलून झोपला. त्याच्या कंबरेला तेल लावायचं होतं, ते मी लावलं. भांडण वेगळं, कंबर वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला यार्डावर पोचले. गेटवर नवं फ्लेक्स लागलं होतं. हारातला ट्रेलर, शेजारी शेठ, आणि ताट घेतलेली मी. खाली मोठ्या अक्षरात: 'आमच्या पहिल्या महिला मालक. तुम्हीही व्हा गाडीचे मालक!' रात्रीतून छापून आणलं होतं.

स्कूटी लावली. डिकीतून कटर काढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. चारही. फ्लेक्स खाली पडलं. मी त्याची घडी करायला लागले तेव्हा मोरे धावत आला.

"ओ ताई, काय करताय? शेठ काय म्हणतील?"

"फोटो माझा आहे. तो तरी माझा आहे ना? का त्याचेही हप्ते आहेत?"

घडी स्कूटीच्या डिकीत कोंबली. आत जाऊन हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला. मशीननं घेतला. मोरेकडं जुन्या ट्रेलरची चावी मागितली.

"शेठनी देऊ नको सांगितलंय."

"बरं. लेखी आणा, मग जाते. तोपर्यंत मी ड्युटीवर आहे."

गेटच्या आतल्या बाजूला उभी राहिले. थोड्या वेळानं एक माणूस आला, हातात फाइल, नवा ड्रायव्हर असावा. लीजचं ऑफिस कुठं, म्हणून त्यानं मलाच विचारलं.

"दाखवते," मी म्हटलं. "आधी इथं थांब. मी काय सांगते ते ऐक."