'बस' म्हणणारा आवाज

आधीच सांगून टाकते, मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. दरवर्षी शाळेत हळदीच्या पाण्यात चुना टाकून "रक्त" काढून दाखवते आणि मुलांना विचारते, सांगा, यात भूत कुठे आहे? आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातला देव्हारा गेला आणि त्याच्यासोबत अंगात येणं, उतरवून टाकणं, भानामती हे सगळंही गेलं. आमच्या भागात या गोष्टींपायी लोकांनी काय काय भोगलंय हे मी जवळून पाहिलंय... त्यामुळे कोणी "अनुभव" सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. आज मीच सांगायला बसले आहे. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचून मग.

चंद्रपूरच्या बाहेर मूल रोडला आमचं वनराई नगर आहे. दोनेकशे घरं असतील. रोडला लागून बंगले आहेत, ती पुढची लाइन. त्यांच्या मागे मैदान, पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे आमची मागची लाइन — छोटी घरं, कुणी शिवणकाम करतं, कुणी दवाखान्यात आहे, कुणी माझ्यासारखं शाळेत. ऑटोवाल्याला "वनराई नगर" म्हटलं तर त्याला समजत नाही, "डेपो" म्हटलं की बरोबर आणून सोडतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून समजत होते, की इथे कधीतरी एसटीचा डेपो होणार असेल आणि राहून गेला असेल.

तो लाकडाचा डेपो होता, हे मला गेल्या वर्षी शेवंताबाईंनी सांगितलं.

शेवंताबाई आमच्या लाइनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. ऐंशीच्या पुढे असतील, कानाने कमी. नगराला पंचवीस वर्षं होत होती म्हणून कमिटीने मैदानाच्या तोंडाशी दगडी फलक लावायचं ठरवलं आणि नगराचा इतिहास गोळा करायचं काम मॅडम म्हणून माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून शेवंताबाईंकडे बसायला लागले. त्या सांगायच्या — आलापल्लीकडून सागवानाचे ट्रक यायचे, मैदानावर थप्प्या लागायच्या, ओंडके रस्सीने ओढून चढवायला माणसांच्या टोळ्या असायच्या. शेवंताबाईंचे वडील इस्तारी एका टोळीचे पुढारी. डेपो बंद झाला, माणसं झोपड्यांत तिथेच राहिली. पुढे प्लॉटचा लेआउट पडला तेव्हा त्यांना मागच्या बाजूचे तुकडे मिळाले. म्हणजे आमची मागची लाइन.

मी हे सगळं लिहून कमिटीला दिलं. अध्यक्ष गावंडे साहेब, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. माणूस वाईट नाही, पण कागदावर नसेल ते त्यांच्या लेखी झालेलंच नसतं. त्यांनी फलकाचा मजकूर आधीच तयार ठेवला होता: "पूर्वी येथे पडीक जागा होती." लेआउटच्या कागदात तसंच लिहिलंय, म्हणाले. मी दोन ऑफिसांत जाऊन आले. जुनं रेकॉर्ड दुसरीकडे गेलंय, एवढंच उत्तर मिळालं. फोटो तर कुणाकडेच नव्हता.

मीटिंगला शेवंताबाई काठी टेकत आल्या होत्या. मजकूर वाचून झाल्यावर बाजूच्या बाईने त्यांच्या कानात ओरडून तो सांगितला. त्या म्हणाल्या, "पडीक होती तं आमी कुठी राह्यत होतो?"

गावंडे साहेबांना ते जरा लागलं असावं. वातावरण हलकं करायला म्हणून ते हसत म्हणाले, की मागच्या लाइनीत एवढे ओंडके ओढणारे होते म्हणता, तर दर सव्वीस जानेवारीला रस्सीखेच तुम्हीच कशा हरता? नऊ वर्षं झाली. यंदा जिंकून दाखवा, मी स्वतः फलक बदलतो.

हे बायकांच्या रस्सीखेचेबद्दल होतं. पुढची लाइन विरुद्ध मागची लाइन, आठ-आठ जणी. आम्ही नऊच्या नऊ वर्षं हरलो होतो, हे खरंच होतं.

आमची रंजना उभी राहिली. ती घरी शिवणकाम करते, एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. म्हणाली, "साहेब, हे रजिस्टरमध्ये लिहा."

सेक्रेटरीने साहेबांकडे पाहिलं. साहेब सगळ्यांसमोर बोलून बसले होते... लिहावं लागलं.

आम्ही पंधरा दिवस सराव केला, पण खरं सांगू? आशा नव्हती. पुढच्या लाइनीच्या बायका जिमला जातात, सकाळी पळतात. आमच्यात दोघींची पाठ दुखते, एकीचे गुडघे. मी सगळ्यात शेवटी, रस्सी कमरेला वळसा घालून — माझ्या वजनामुळे, लपवण्यात अर्थ नाही. माझ्या मागे आम्हाला सरकायला चार पावलं मोकळी, आणि लगेच टाकीची भिंत. त्या मोकळ्या जागेत कोणालाही उभं राहू देत नाहीत. हे मी मुद्दाम सांगते आहे.

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, मुलांच्या शर्यती झाल्या, साडेअकराच्या सुमारास आम्हाला बोलावलं. छान हिवाळी ऊन होतं. साड्या खोचलेल्या, पायात बूट. समोर शेवटाला नलिनीताई, म्हणजे गावंडे साहेबांची बायको. उंच, ताकदीची. तीन डावांत दोन जिंकायचे होते.

पहिला डाव आम्ही शिट्टी वाजल्यावर श्वास घेईस्तोवर हरलो. रंजनाच्या तळहाताची साल निघाली. पुढच्या लाइनीने टाळ्या वाजवल्या. शेवंताबाई मैदानाच्या पार पलीकडे, झेंड्याच्या खांबाजवळ खुर्चीवर होत्या. मी तिकडे पाहिलंच नाही.

दुसरा डाव. शिट्टी झाली, जोर लागला, रस्सी सरकायला लागली, आणि माझ्या उजव्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं — "धर."

मोठ्याने नाही. घोगरा, थकलेला पुरुषी आवाज. रोजचं काम करताना माणूस बोलतो तसा. मला वाटलं शिट्टी वाजवणारे पीटीचे सर मागे आलेत. मी धरलं.

"बस."

माझे गुडघे वाकले. मी ठरवून वाकवले नाहीत. मी खाली बसल्यासारखी झाले, टाचा जमिनीत रुतल्या, आणि माझ्या पुढच्या सातही जणी त्याच क्षणी खाली गेल्या. रस्सी थांबली. समोरच्या बायका झोक जाऊन पुढे आल्या.

"ओढ."

आम्ही ओढलं. पुन्हा धर, पुन्हा बस, पुन्हा ओढ. तीनदा. रस्सीच्या मधोमध बांधलेलं लाल फडकं आमच्या बाजूच्या चुन्याच्या रेघेच्या आत आलं तेव्हा मला शिट्टी ऐकूच आली नाही. एक गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही — भीती अजिबात वाटली नाही. पहाटे जाग यावी आणि घरात आधीच कोणी उठून चूल पेटवली आहे हे कळावं, तसं काहीतरी वाटलं.

मी वळून पाहिलं. मागे भिंत. सर तर मध्यभागी, फडक्याजवळ उभे होते.

तेवढ्यात नलिनीताईंनी हरकत घेतली. म्हणाल्या, कोणीतरी "बस" म्हणालं, आम्हाला वाटलं सरांनी थांबवलं, म्हणून आम्ही सैल सोडलं. त्यांच्यातल्या आणखी एकीनेही ऐकलं होतं. सर म्हणाले, मी बोललोच नाही. बराच वाद झाला. आमच्या बाजूचे लोक म्हणाले, हरल्यावर असंच बोलतात. शेवटी गावंडे साहेबांनी माइक घेतला. दुसरा डाव मागच्या लाइनीचाच, पण तिसऱ्या डावाला कोणीही तोंड उघडायचं नाही. प्रेक्षकांतून आवाज आला तर डाव रद्द, खेळणाऱ्यांपैकी कोणी बोललं तर ती बाजू बाद. स्पीकर बंद करा.

मैदान गप्प झालं. पाचएकशे माणसं असतील. कडेवरची लेकरंसुद्धा गप्प झाली. झेंड्याची दोरी खांबावर वाजत होती, तेवढीच ऐकू येत होती.

रंजनाने हाताला रुमाल बांधला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचं नव्हतं, मी नुसती मान हलवली.

शिट्टी.

पहिल्याच हिसक्यात त्यांनी आम्हाला हातभर ओढलं. मग आणखी वीतभर. माझे बूट घसरत होते, मातीत दोन रेघा उठत होत्या. मनात आलं, झालं, दहावं वर्ष.

"धर."

तोच आवाज, तिथूनच. मी दात इतके आवळून धरले होते की माझ्या तोंडातून हूं निघणं शक्य नव्हतं.

"बस."

आठही जणी खाली. रस्सी दगडात गाडल्यासारखी उभी राहिली. समोरच्या जोर लावत होत्या, त्यांचे चेहरे लाल झाले होते, आणि आम्हाला तो जोर नुसता अंगावरून जाताना कळत होता. किती वेळ ते माहीत नाही. मग त्यांच्यातल्या मधल्या दोघींचे पाय सुटले.

"ओढ."

यावेळी मधे "बस" आलं नाही. ओढ, ओढ, ओढ — आणि आम्ही सगळ्या मागे, एकमेकींच्या अंगावर, मी सगळ्यांच्या खाली, माझी पाठ टाकीच्या भिंतीला, आणि लाल फडकं आमच्या रेघेच्या आत.

पुढे जे झालं ते नगरात असं कधी झालं नव्हतं. मागच्या लाइनीतली माणसं मैदानात धावत आली. रंजना रडत होती आणि हसतही होती. कोणीतरी ताशा वाजवायला लागलं. मला उठवायला चौघीजणी लागल्या. उठल्यावर मी नाचले... आठवीची अर्धी तुकडी बघत होती, तरी नाचले.

गर्दीतून शेवंताबाईंनी मला बोलावून घेतलं. माझा हात धरला, आम्ही खाली बसलो होतो तिकडे काठी केली आणि विचारलं, "तुले 'बस' कोनं शिकवलं?"

मी विचारलं, का? तेव्हा त्यांनी सांगितलं, की उतारावर ओंडका मागे येऊ लागला की टोळीने टाचांवर बसायचं, म्हणजे तो थांबतो. "दुसऱ्या टोळ्या नुसतं हय्या करत. 'बस' माहा बाप म्हने. धर, बस, ओढ. दुसरं कोनी नाई."

मी म्हटलं, तुम्ही मला हे कधी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्यात का सांगाचं? काम होतं थे."

आता मी विज्ञानाची बाई आहे. त्याच दुपारी, आपसात काही बोलायच्या आत, मी धरून आठही जणींनी वेगवेगळं बसून चिठ्ठ्या लिहिल्या. काय ऐकलं, कोणाचा आवाज, कुठून आला. आठही चिठ्ठ्यांत "धर, बस, ओढ" होतं. सगळ्यांनी पुरुषाचा आवाज लिहिला होता. आणि तिसऱ्या प्रश्नाला आठही जणींनी लिहिलं होतं — माझ्या मागून. रंजना सगळ्यात पुढे होती. तिच्या मागे आम्ही सातजणी होतो. तिने लिहिलंय, "एकदम कानाच्या मागे."

शेवंताबाईंच्या सगळ्या रेकॉर्डिंग मी पुन्हा ऐकल्या. वाटलं, कधीतरी त्यांच्या तोंडून ऐकलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल. तो शब्द कुठेच नाही. तिसऱ्या डावाचा व्हिडिओ पुढच्या लाइनीतल्याच एकीने काढला होता, तोही पन्नासदा पाहिला. शिट्टी आहे, झेंड्याची दोरी आहे, धापा आहेत, दूर एक कुत्रं भुंकतं. आवाज नाही. पण आम्ही आठही जणी एकाच क्षणी खाली जातो, ते स्पष्ट दिसतं.

आठवड्याने नलिनीताई घरी आल्या. म्हणाल्या, तिसऱ्या डावाला काहीच ऐकू आलं नाही, पण दुसऱ्याला आलं होतं, मी खोटी हरकत घेतली नव्हती. मी म्हटलं, मला माहीत आहे.

गावंडे साहेबांनी शब्द पाळला. जुन्या मजकुराचा दगड परत पाठवला, नवा करून आणला. महिनाभरात उद्घाटन झालं. "या मैदानावर लाकडाचा डेपो होता. येथे काम केलेली व राहिलेली माणसे" — आणि खाली शेवंताबाईंना आणि आणखी दोघा म्हाताऱ्यांना आठवलेली एकोणीस नावं. साहेबांनी माइकवर एकेक वाचलं. चौथं नाव त्यांनी "विस्तारी" असं वाचलं.

पहिल्या खुर्चीवरून शेवंताबाई म्हणाल्या, "इस्तारी. नीट म्हना, साहेब."

साहेब थांबले. चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं, "इस्तारी." मग टाळ्या. पुढच्या लाइनीतून आधी सुरू झाल्या, हेही सांगते.

शाळेतले सहकारी म्हणतात, घोळक्यात एकीला वाटलं की सगळ्यांना वाटतं. असेल. मी म्हणते, खाली बसल्याने गुरुत्वमध्य खाली आला म्हणून आम्ही जिंकलो. हेही बरोबर आहे, फळ्यावर आकृती काढून सिद्ध करून देईन. पण कधी बसायचं हे आठ बायकांना एकाच वेळी कोणी सांगितलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाला सापडलं तर नक्की कळवा. तोवर मी एवढंच म्हणेन, की तो आवाज कोणाचाही असो... जिंकलो आम्ही, आणि रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं आहे.