मास्तरांची माया

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला माया म्हणतात, आणि मास्तर ती फार सढळ हाताने सोडतात. माझा एक ब्लाउज मी दोनदा जाड झाले तरी उसवून अंगाला बसला. "माणूस काय तेवढाच राहतो का, काकू?" हे त्यांचं म्हणणं.

मुलगी त्यांना चाळिशी उलटल्यावर झाली. आईचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी डब्याचं सांगितलं. बायको कारखान्यात पुन्हा रुजू झाली आणि बाटली मास्तरांच्या हाती आली. मशीनशेजारी पाळणा, एक पाय मशीनच्या पायडलवर, एक पाळण्याच्या दोरीत.

पुढे पोर शी करताना लालबुंद होऊन रडू लागली, आणि एवढ्या रडण्यातून बाहेर पडायचे ते सुके खडे. मास्तरांची आई साबणाची वडी घेऊनच आली.

"बारीक वात कर आणि शीच्या जागी सरकव. वर चमचाभर एरंडेल. तूही लहानपणी असाच मोकळा व्हायचास."

मास्तर हातातल्या कात्रीसकट माझ्या दारात. "काकू, आईला नाही म्हणवत नाही आणि पोरीला हात लावायचा धीर होत नाही."

"मग दोन्ही राहू द्या. आधी दवाखान्यात चला."

बायकोने सुट्टी टाकली. आजीही रुसून का होईना, आल्या. नर्सबाईंनी पोट चाचपलं. फुगलेलं नव्हतं, उलट्या नव्हत्या, रक्त नव्हतं. "दूध कसं करता, दाखवा बघू."

मास्तरांनी सोबत आणलेल्या डब्यातला चमचा भरला, कडेला दाबला, वर आणखी ढीग रचला.

"हे एवढं?"

"पोट भरावं म्हणून थोडं जास्त."

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, इथेही माया सोडलीत?"

नर्सबाईंना आधी कळेना. कळल्यावर त्या इतक्या हसल्या की पोरही रडायची थांबली. "मास्तर, इथे मापात कापायचं. आधी पाणी मोजून, मग डब्यावर लिहिलंय तेवढेच चमचे. दाबायचं नाही, स्वच्छ सुरीच्या पाठीने काठाशी सपाट करायचं. पावडर जास्त झाली की शी घट्ट होते."

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच तिला..."

"प्रेमानेच केलंत. आता थोडं कमी प्रेम करा."

मग त्या आजींकडे वळल्या. "साबण नको, एरंडेल नको, मधही नको. ती जागा नाजूक असते, सोलून निघते. औषध लागलं तर डॉक्टर देतील."

"मग मी काय नुसती बघत बसू?"

"तुमचा हात हलका दिसतो. कोमट पाण्याने अंघोळ घाला. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखा हात फिरवा. पाय धरून सायकल चालवल्यासारखे हलवा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, रक्त दिसलं किंवा तिने दूध पिणं सोडलं, तर मात्र लगेच आणा."

आजींनी हे काम असं मनावर घेतलं की मास्तरांना पाळण्याजवळ फिरकू देईनात. दूधही त्यांच्या डोळ्यांदेखत, सपाट चमच्याने.

एका दुपारी मी बाहीचं माप देत होते. आतून आजींची हाक आली, "अरे, झाली. मऊ झाली." मास्तर गळ्यात टेप घेऊन आत पळाले आणि मी हात पसरून तशीच उभी.

परतले तेव्हा डोळे पुसत होते. मापाचं विसरूनच गेले आणि मला एक इवलासा झगा उलटा करून दाखवू लागले. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"इथे चालतं ना, काकू?"

"इथे हवी तेवढी सोडा," मी म्हटलं.