धुतलेले बटाटे

मातीची मला पहिल्यापासून किळस. मोहने गावी ताईच्या घरामागे बटाटे काढायला गेलेले तेव्हाही मी हातमोजे घालून बसले होते. ताईने वाफ्यातले निम्मे बटाटे माझ्या पिशवीत भरले आणि बजावलं, "धुऊ नकोस हं. वापरताना धू. आत्ता गोणपाटावर पसर, अंधारात आणि वारा लागेल असे. कांद्यांजवळ नको."

बाळकुमला आमच्या घरी आल्या आल्या मी सगळे बटाटे बेसिनमध्ये घासून धुतले. वरवर पुसले, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत भरून पिशव्यांना गाठ मारली आणि बेडखालच्या खणात ढकलले. जे मावले नाहीत ते खिडकीतल्या टोपलीत ठेवले. छान गोरे दिसत होते.

एप्रिलमध्ये बेडरूममध्ये वास यायला लागला. आधी कुबट, मग मेलेल्या उंदरासारखा. मी फिनाईलने फरशी पुसली, पडदे धुतले. नवरा म्हणाला, "ड्रेनेजचा असेल." मला मात्र खात्री होती की तो शेजारच्या काकूंच्या गॅलरीतून येतोय. त्या मूळच्या मालवणकडच्या, उन्हाळ्यात सुके बोंबील वाळत घालायच्या. मी त्यांच्या दारात जाऊन नाकाला रुमाल लावूनच बोलले, "काकू, आम्हाला घरात बसवत नाही हो."

त्यांनी बोंबील गोळा करायला घेतले. संध्याकाळी गॅलरी रिकामी झाली. वास होता तसाच राहिला.

दोन दिवसांनी चादर काढायला म्हणून मी खण ओढला. चादरीच्या कडेला तपकिरी पाणी लागलं होतं. पिशवी उचलली तर तिचा तळ फाटला आणि बटाट्यांचा काळपट, बुळबुळीत रबडा माझ्या पायांवर सांडला. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. मी मोरीत जाऊन ओकले.

माझा आवाज ऐकून शेजारच्या काकूच धावत आल्या. मी मोरीतून बाहेर येईपर्यंत त्यांनी खोलीची खिडकी सताड उघडली होती आणि तोंडाला पदर बांधून त्या खाली बसल्या होत्या.

"तू बाहेर जा, पाय धू. मी बघते."

मी पाय धुऊन परत आले आणि त्यांच्या शेजारी बसले. दुसऱ्या पिशवीतले काही बटाटे वरून धड दिसत होते.

"हे ठेवू या का? कापून घेतले तर?"

"दाबून बघ," त्या म्हणाल्या. माझं बोट आत गेलं. "मऊ झाला, ओला झाला, वास आला, की टाकायचा. बाकीचा चांगला म्हणून कापून खायचा नाही."

खिडकीतल्या टोपलीतले उन्हाने हिरवे पडले होते. काहींना बोटभर कोंब होते. मी सोलाणं घेतलं तर त्यांनी ते काढून घेतलं. "एवढं हिरवं सोलून जात नाही, टाकायचा. कोंब येऊन जो सुरकुतलाय, तोही टाक. कोंब बारीक असतील आणि बटाटा टणक असेल तर कोंब खोल कोरून चालतो."

सगळ्यातून अकरा बटाटे उरले. आम्ही ते कागदावर पसरले. मला काकूंकडे बघवत नव्हतं. माझ्या बोटांना तो वास होता आणि रुमाल लावून बोललेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

"काकू, मी त्या दिवशी तुम्हाला…"

"हात साबणाने तीनदा धू," त्या म्हणाल्या आणि पिशवी बांधून खाली टाकायला निघून गेल्या. माझी माफी त्यांनी ऐकून घेतलीच नाही.

मग ताईला फोन करून खरं सांगितलं. "दोन महिने पाणी घातलं गं मी त्यांना," ती एवढंच म्हणाली.

अकरा बटाट्यांची भाजी नवऱ्याने केली आणि त्यानेच खाल्ली. मला घास गिळवला नाही.