तेल चोळलेलं बी

लवंगेचं तेल काढायच्या भट्टीवर इतकी वर्षं राबल्यावर बाईच्या अंगाला लवंगेचा वास लागायचाच. गल्ली तिला लवंगताई म्हणायची. डाळीला कीड लागली, तांदळात किडे झाले, की लोक डबा घेऊन तिच्या दारात हजर. ती तेलाचा कापूस फडक्यात बांधून डब्यात ठेवायची, झाकण घट्ट लावायची आणि बजावायची, "शिजवण्याआधी परातीत पसरून वारा लागू दे, नाहीतर माझ्या नावानं खडे फोडशील." उपाय हमखास लागू पडायचा.

एका वर्षी तिचा नवरा गेला. पोटासाठी गॅरेजात काम करायचा, पण जीव सगळा परसातल्या घेवड्यात. आईकडून आलेला तो जांभळ्या ठिपक्यांचा घेवडा बाजारात कुठं मिळायचा नाही. दरवर्षी शेंगा निवडून तो स्वतः बी धरायचा. त्यानं धरलेलं शेवटचं बी एका डब्यात होतं. बाकी माणसाचं मागे राहिलं काय, तर दोन शर्ट आणि चष्मा. तो वेल पुन्हा चढलेला बघायचा, एवढाच ताईला ध्यास लागला.

नणंद मागायला आली. "वहिनी, मूठभर मलाही दे ना. माझ्याही आईचाच आहे तो."

"तुझ्या घरात डब्यांना झाकणं तरी असतात का? भुंगे फस्त करतील. वेल आला की टोपलीभर शेंगा देईन."

नणंद हसली, पण चहा अर्धा टाकून गेली.

पुढे एक दिवस ताईच्याच डब्यात भुंगा निघाला. भोकं पडलेले दाणे तिनं टाकून दिले. नुसत्या कापसावर आता भरवसा वाटेना, म्हणून तेल तळहातावर घेऊन तिनं दाणा न् दाणा चोळला. आठवड्यानं पुन्हा चोळला. लोकांच्या डाळीला असलं काही तिनं कधी केलं नव्हतं. भुंगा परत दिसला नाही, आणि ताईला बरं वाटलं.

पेरल्यावर ती रोज वाफ्याशी जाऊन बसायची. काहीच वर येईना. शेवटी बोटानं माती उकरली, तर दाणे फुगून मऊ पडलेले, कोंबाचा पत्ता नाही. डब्यातले थोडे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले. तेही तसेच.

भट्टीवरच्या मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "ताई, डाळीला काय, तिला थोडंच उगवायचंय? एवढ्या तेलानं भुंगा मेला, तसा कोंबही मेला."

नणंद विचारायला आली, "उगवला का?"

"मारला गं मी," ताई म्हणाली. "माझ्याच हातानं."

नणंदेनं डबा उघडला, वास घेतला आणि डबा ताईपुढे सरकवला. मग म्हणाली, "शिजव आता."

दाणे चार पाण्यांनी धुऊन मीठ घालून उकडले. दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. वास बराच उडाला होता, चव तीच होती.

"मूठभर दिलं असतंस," नणंद ताटाकडे बघत म्हणाली, "तर भुंग्यांनी खाऊनही दोन-चार दाणे राहिले असते."

पातेल्याच्या तळाशी थोडे दाणे उरले होते, ते ताईनं नणंदेच्या ताटात वाढले.