कापलेला खोकला

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या हातून ह्यांचा आवाज जात होता.

जाण्याआधी ह्यांनी नातीला सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट माझ्या फोनवर आहे. मध्येच खोकल्याची उबळ येते. नातीला ते ऐकवायला नको, म्हणून तेवढं कापून सेव्ह केलं. मग ध्यानात आलं, खोकल्यामागंच माझं "पाणी देऊ का?" आणि ह्यांचं "दे की, तुझ्या हातचं लई गोड लागतंय" होतं. तेही गेलं.

पुण्याला लेकीला फोन लावला. "तुझ्याकडची फाईल दे."

"बाबांना कात्री लावलीस व्हय? अगं, तिकडं कापलं की इकडंही कापलं जातं."

मला रडूच फुटलं.

"आई, थांब. जुनी प्रत राहते."

तिनं माझा फोन आणि तिचा संगणक थेट जोडलाय. मधे कुणाकडं काही ठेवलेलं नाही, आणि कुलूप असं, की आम्हा दोघींशिवाय कुणाला उघडत नाही. बदल केला तरी आधीचं तिच्या संगणकात जपलं जातं.

दुपारी तिनं जुनी प्रत धाडली, खोकला परत आला. पहिल्यांदाच पूर्ण ऐकला.

तुमच्या माणसाचं असं काय आहे, जे तेव्हा ऐकवत नव्हतं आणि आता हवंसं वाटतं?