जिल्हा बदलला की कान बदलतो?

ऐका हो ऐका! कवठे महांकाळ आणि पंचक्रोशीतल्या तमाम माता-भगिनींना, वडीलधाऱ्यांना आणि तरुण मित्रांना कळवण्यात येते की, चौथीच्या वर्गातली प्रज्ञा नावाची मुलगी मंद आहे. निर्णय भर पालकसभेत, चहा आणि बिस्किटांच्या मधल्या वेळेत झालेला आहे. कोणीही हरकत घेऊ नये, हो!

ही घोषणा माझी नव्हे. रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव ओरडायचा धंदा मात्र माझाच. साड्यांचा सेल, कुणाचं बारावं, हरवलेली म्हैस, सगळं मी ओरडतो. पण ही एक घोषणा मुख्याध्यापकांनी केली. माईक नव्हता, तरी चांगली खणखणीत झाली. मुलगी माझी होती.

"तालुक्याच्या शिक्षण खात्याचे साहेब तपासून गेलेत. मुलगी मंद आहे," ते म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून सगळ्या पालकांकडे बघत म्हणाले, "आणि नाव काय, तर प्रज्ञा! तुमच्या लोकांत नावं मात्र फार भारी ठेवतात हां."

लोक हसले. पुढच्या बाकावरचा किराणा दुकानदार हसला, कपबश्या गोळा करणारा शिपाई हसला. मीही हसलो. धंद्याची सवय. लोक हसले की आपण हसायचं, पुढचं काम मिळतं. प्रज्ञा आईला खेटून उभी होती. एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. सगळे हसतायत म्हणून तीही हसली.

तिथं माझं हसणं थांबलं.

"तपासणी मान्य आहे, अशी इथं सही करा," मुख्याध्यापक म्हणाले. "मुलीला काही त्रास नाही. मागे बसेल, खिचडी खाईल, आपोआप वरच्या वर्गात जाईल. तुम्हालाही कटकट नको."

माझी बायको द्राक्षबागेत कामाला जाते. चारचौघांत कधी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "आवं, सही करू नगा. घरात तिला समदं कळतंय."

"ताई, घर वेगळं, शाळा वेगळी," मुख्याध्यापक म्हणाले.

ते खरंच होतं. किती खरं होतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी पोरीला समोर बसवून विचारलं, "त्या सायबांनी काय इचारलं गं तुला?"

"काय म्हाईत," ती म्हणाली. "त्यांनी तोंडच उघडलं न्हाई."

आता साहेबांचं तोंड मला ठाऊक होतं. त्यांच्या गालात कायम मावा. तंबाखू-सुपारीचा तोबरा भरला की माणूस हनुवटी वर करून, ओठ मिटून, नाकातनं बोलतो. आणि आमचं घर? भोंगेवाल्याचं घर. मी मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं. मी तोंड वासून बोलतो, म्हणून बायको तोंड वासून बोलते, म्हणून म्हातारी आईसुद्धा. त्या घरात पोरीला सगळं कळत होतं. ती आमचे ओठ बघत होती. आमच्या आरडाओरड्यात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. म्हणालो, सर, बाहेरच्या माणसाकडून तपासणी पायजे. मुख्याध्यापक उदार झाले. "बोलावतो की! एकदम स्वतंत्र माणूस बोलावतो."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेटाशी उभा राहिलो. मोटारसायकल आली. स्वतंत्र माणूस उतरला. तेच साहेब, तोच गाल. मागच्या वेळी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले होते, आता ऑफिसातल्या खुर्चीवर बसले. एवढं स्वातंत्र्य त्यांनी घेतलं. निकाल अर्थातच पहिलाच.

माझी बहीण साताऱ्याला दिली आहे. पोरीला घेऊन एसटीनं तिच्याकडं गेलो. तिथल्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी प्रज्ञाला बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावून तपासलं. मग समोर बसून गप्पा मारल्या. आधी तोंड उघडं ठेवून. पोरगी पटापट बोलली. मग बाईंनी तोंडावर हात धरला आणि तेच विचारलं. पोरगी गप्प.

बाई माझ्याकडं वळल्या. "दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं हिला. बुद्धी चांगली आहे. नुसते ओठ वाचत चौथीपर्यंत आलीय, आणि हिला मंद म्हणतात?" मग म्हणाल्या, "शाळेची तपासणी पटली नाही तर बाहेर करून घ्यायचा आईबापाला हक्क असतो. सोडू नका."

परतीच्या एसटीत मी कराडपर्यंत अख्ख्या गाडीला ही गोष्ट सांगितली. कंडक्टरला दोनदा.

मुख्याध्यापकांनी तो रिपोर्ट उलटसुलट बघितला. "हा साताऱ्याचा. आपला जिल्हा सांगली."

"सर, जिल्हा बदलला की कान बदलतो का?"

"नियम आहे."

"कृष्णा साताऱ्यातनंच येती सांगलीला. तिला कुठल्या नाक्यावर अडवलंय?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी सांगलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं म्हणाले, शाळेकडून मागणी यायला हवी. शाळा म्हणाली, वरून आदेश यायला हवा. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगेना. मी वर बघितलं. पंखा होता. बंद.

सही मी केली नाही. तरी पोरगी मागच्याच बाकावर गेली. सही नसली तरी बाक असतो. साताऱ्याहून कानाचं मशीन मिळालं. शाळेनं सांगितलं, पोरं ओढाओढी करतात, घरीच ठेवा. मागच्या बाकावरनं वर्गाच्या बाईंचे ओठ दिसत नाहीत. फळ्याकडं तोंड करून बोलणाऱ्या बाईंची पाठ तेवढी दिसते.

आता ती पाचवीत आहे. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, मी मंद हाय."

मी ओरडलो, "कोण म्हणतंय?" घर दणाणलं. तिनं मान वर केली नाही. हल्ली ती कुणाच्या तोंडाकडं बघतच नाही. आमच्यासुद्धा. जी एक विद्या तिनं स्वतः कमावली होती, ती शाळेनं तिच्याकडून काढून घेतली.

आणि याच जूनमध्ये शाळेनंच मला काम दिलं. मजकूर लिहून आला होता. "प्रवेश सुरू! प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष!" मी तो घडी घालून खिशात ठेवला, सकाळी शाळेच्या गेटासमोर रिक्षा लावली आणि आईबाप पोरं सोडायला आले तसा भोंगा चालू केला.

"ऐका हो ऐका! तुमच्या लेकराला कोणी मंद म्हणालं तर विचारा, तपासलं कुणी? तपासणाऱ्याच्या तोंडात काय होतं? पटलं नाही तर बाहेर तपासून घ्या. तो तुमचा हक्क आहे. सही करू नका!"

प्रज्ञाचा बाक यानं पुढं सरकणार नाही, हे मला माहीत आहे. शाळेचं काम गेलं, उद्या बाजारपेठेचंही जाईल. जाऊ दे. रोज सकाळी सेलच्या आधी, बाराव्याच्या आधी, पहिली घोषणा हीच होईल. या गेटावर होईल. घसा आहे तोवर होईल. मी आता कुणाच्या हसण्यात हसणार नाही.

दुसऱ्यांदा ओरडायला सुरुवात केली तेवढ्यात मुख्याध्यापक एका पायात चप्पल घालून गेटाबाहेर धावत आले. गेटाशी ही गर्दी जमलेली. जन्मभर जपलेली छापील मराठी विसरून ते ओरडले:

"आवं, हळू बोला की! समद्यास्नी ऐकू जातंय!"